गुलाबनानांचा पक्का रंग

गुलाबनाना कुठेही बसण्याआधी खांद्यावरचा पंचा काढतात, एकदा झटकतात, बूड टेकायच्या जागेवर नीट अंथरतात आणि मगच बसतात. एसटीच्या बाकावर, न्हाव्याच्या खुर्चीत, लग्नाच्या पंगतीत, एवढंच काय, शेजारी मयत झालं तर अंगणात टाकलेल्या सतरंजीवरसुद्धा. उठताना पंचा उचलायचा, आपण जिथे बसलो होतो तिथे वाकून बघायचं आणि स्वतःशीच म्हणायचं, "क्लिअर हाय."

नवख्या माणसाला वाटतं, म्हातारा मोठा सोवळ्याचा दिसतो, दुसऱ्याच्या जागेचा विटाळ मानतो. प्रकार उलटा आहे. दुसऱ्याची जागा आपल्याला लागेल ही भीती नानांना नाही. आपण जागेला लागू, ही आहे.

माझं रोह्यात खुर्च्या, गाद्या आणि कपाटांचं दुकान आहे. सायकलच्या कॅरिअरला चटया बांधून गावोगाव ओरडत फिरायचो, तिथून इथवर आलो. कोणाच्या बापाची मेहरबानी नाही. तर या माझ्या दुकानात, छतापर्यंत खुर्च्यांच्या उतरंडी लागलेल्या असताना, गुलाबनाना रोज सकाळी येतात आणि उभ्याने पेपर वाचतात.

"नाना, बसा की! खुर्च्यांचंच दुकान आहे."

"नको रे शेठ. नवा माल हाय."

गिऱ्हाईक बघतं, दुकानदाराचा रोजचा माणूस खुर्चीवर बसायला धजत नाही. त्याला वाटतं खुर्च्यांच्या पायांतच काहीतरी खोट असणार. अशी किती गिऱ्हाइकं माझ्या तोंडावर "बघून येतो" म्हणून गेली, आणि सगळी अजून बघतच आहेत.

नानांचं खरं नाव पांडुरंग पाटील. गाव पेणजवळचं, खाडीकाठचं. बाप, चुलते, आजा, सगळे मिठागरात. पांडुरंग म्हणजे पांढऱ्या रंगाचा. मिठागरवाल्याच्या घरात दुसरं कुठलं नाव ठेवणार? पण हा पांढऱ्या नावाचा मुलगा मोठा झाला, धाटावला रंगाच्या कंपनीत लागला आणि तिथून पुढे जन्मभर गुलाबी होऊन घरी आला.

कपड्यांना लावायचा रंग तिथे बनायचा. पिठापेक्षा बारीक भुकटी. ती अंगावर बसायची, नाकातोंडात जायची. कंपनीतून सुटताना साबणाने घासघासून आंघोळ करायची, पांढरा सदरा घालायचा, शिफ्टच्या बसमध्ये चढायचं आणि रोहा येईपर्यंत घाम आला की सदरा पाठीवर गुलाबी. उशी गुलाबी, टॉवेल गुलाबी, भाकरी मोडली तर भाकरीवर बोटांचे गुलाबी ठसे. शिमग्याला पोरं त्यांच्या अंगावर रंग टाकत नसत. फुकट घालवायचा कशाला? मधे काही दिवस त्यांना पिवळ्या खात्यात टाकलं होतं, तर आळीतल्या एका आजीबाईने कावीळ झाली म्हणून त्यांना पकडून नाकात पाल्याचा रस ओतला. नानांनी तो मुकाट्याने ओतून घेतला. म्हणाले, "म्हातारी एवढ्या लांबून पाला आणते, तिला नाय कसं म्हणायचं?"

एकदा सुट्टीत गावी गेले, बापाला मदत करायला म्हणून मिठाच्या राशीवर चढले आणि खाली उतरून बघतात तर शुभ्र राशीवर गुलाबी पावलं, लक्ष्मीपूजनाला काढतात तशी. बापाने हातातली टोपली फेकून मारली. "परत राशीकडं फिरकलास तर तंगडी तोडीन!" तेव्हापासून पंचा.

तरी तो पंचा ज्या एका दिवशी ते घरी विसरले, तो दिवस माझ्या नशिबी यायचा होता.

दुकान नवं होतं. मी मुंबईहून एक सोफा आणला होता, सायीच्या रंगाचा. तसा सोफा रोह्याने तोवर पाहिला नव्हता. शाळेतले एक गुरुजी मुलीच्या लग्नासाठी तो बघायला आले. दोन तास मी त्यांच्याशी झुंजलो. ते खाली ओढत होते, मी वर. शेवटी मी पाणी मागवलं, त्यांनी चष्मा पुसला, म्हणजे सौदा जमत आला होता. एवढ्यात शिफ्ट संपवून नाना आले. मला मदत करायच्या सद्भावनेने म्हणाले, "गुरुजी, स्प्रिंग बघा स्प्रिंग!" आणि सोफ्यावर बसून दोनदा उसळले.

उठले तेव्हा सोफ्यावर दोन गुलाबी चंद्र होते.

गुरुजी खाकरले, "बघून येतो" म्हणाले. मी जे ओरडलो ते नदीपलीकडे ऐकू गेलं असेल. आणि हा माणूस मला काय म्हणाला? "शेठ, ओरडू नको. हा कच्चा रंग हाय. लिंबू मार, जाईल." मी लिंबू मारलं. दोन चंद्रांचा एक ढग झाला. तो सोफा शेवटी माझ्याच घरी गेला, आज त्यावर चादर असते. माणसं म्हणतात, एवढी वर्षं झाली, सोडून दे. का सोडू? माझी पहिली मोठी विक्री होती ती. मी नानांना रोज चहा पाजतो, पण सोफा विसरलेलो नाही, आणि हे त्यांनाही ठाऊक आहे.

नाना रिटायर झाले त्याला आता आठ-नऊ वर्षं झाली. बायको, वत्सलावहिनी, त्याच्या थोडं आधी गेली. मूलबाळ नाही. कातडीवरचा रंग हळूहळू उतरला, आणि उतरल्यावर कळलं की माणूस मुळात चांगला गोरा होता. पंचा मात्र सुटला नाही.

परवाच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. सकाळी नाना आले, पेपर उचलला, पण उभे राहिले ते कपाटाला टेकून. हे नवीन होतं. मी हिशेबात होतो. नानांनी इकडेतिकडे बघितलं, जवळ आले आणि एखादी खूशखबर सांगावी तशा आवाजात म्हणाले, "शेठ, कंपनी काय मला सोडत नाय बघ."

"काय झालं?"

"रंग अजून निघतोय."

"कुठून?"

नानांनी पेपर तोंडासमोर धरला. "परसाकडं."

मला क्षणभर कळेना. मग कळलं तसं मी पेन खाली ठेवलं. "नाना, लाल पडतंय?"

"लाल म्हणजे लालच. कधी जरा काळपट. गणपती झाले तेव्हापासून हाय. आधी वाटलं बीट खाल्लं. पण मी बीट खातच नाय."

"अहो, ते रक्त असेल!"

"छ्या! रक्त असतं तर दुखलं नसतं? आमच्या खात्यात शिंकलं तर रुमाल पिवळा व्हायचा. रडलं तर डोळ्यांतून रंग. एवढी वर्षं पोटात भुकटी गेली, ती जाईल कुठं? आता म्हातारपणी आतडी सैल झाली, सुटली." मग अधिक खालच्या आवाजात, "मी लिंबू मारून पण बघितला."

"कशावर?"

"भांड्यात रे. रंग गेला नाय. म्हणजे पक्का माल हाय."

मला हसावं की त्यांच्या कानाखाली काढावी हे कळेना. मी धंद्यात कपडा बघितला आहे, रंग बघितला आहे. नवव्या वर्षी कोणाच्या गादीतून रंग सुटत नाही. मी नानांकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. गोरे नव्हते ते. चुन्यासारखे पांढरे पडले होते. चार पायऱ्या चढून आले होते आणि अजून धापत होते.

"दवाखान्यात गेलात?"

"कशाला? समोरच्या पानवाल्याला विचारलं. तो म्हणाला उष्णता. सब्जा खातोय."

"पानवाल्याला सांगितलंत? आणि मला आज सांगताय?"

"तू ओरडतोस."

"मी ओरडत नाही!" मी ओरडलो. रस्त्यावरचा रिक्षावाला वाकून बघायला लागला.

पुढचा आठवडाभर मी सांगत होतो आणि ते टोलवत होते. हायवेला खांब गावाजवळ एक बोर्ड आहे, मूळव्याध खात्रीने बरी, पहिल्याच पुडीत फरक. तिथे जातो म्हणाले. मी म्हटलं, न तपासता पुडी देणाऱ्याकडून मी लाकडाची भुकटीसुद्धा घेणार नाही. रोह्यातल्या दवाखान्यात चला म्हटलं, तर तिथे बाकावर सगळी कंपनीतली माणसं बसलेली असतात, काय झालं म्हणून विचारतील, काय सांगू? मग मी माझं हत्यार काढलं. सौदा.

"नाना, तुम्ही म्हणता रंग, मी म्हणतो रक्त. पेणला डॉक्टरकडे जाऊ. डॉक्टर रंग म्हणाले तर सोफा माफ. पुन्हा नाव काढणार नाही."

नानांनी पेपराची घडी केली. "आयुष्यात?"

"आयुष्यात. पण रक्त म्हणाले तर ते सांगतील ते सगळं करायचं. मधे घासाघीस नाही."

"सब्जा चालू ठेवीन."

"ठेवा."

"मंजूर," नाना म्हणाले. इतक्या झटक्यात म्हणाले की मला कळलं, तो सोफा इतकी वर्षं मी एकटाच उराशी धरून बसलो नव्हतो.

पेणला दवाखान्यात गेल्यावर पहिला गोंधळ झाला तो पाटी वाचून. नाना दारातच थांबले.

"शेठ, बाई हाय!"

"डॉक्टर आहे."

"बाई डॉक्टर हाय! मी हिला कसं दाखवू?"

"सौद्यात बाई की पुरुष असं काही ठरलं नव्हतं," मी म्हटलं आणि त्यांना आत ढकललं.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या, शांत होत्या. नानांनी खुर्चीवर पंचा अंथरला, बसले आणि रंगाची सगळी कथा सांगितली, खात्यांच्या नावांसकट. बाई हसल्या नाहीत. हे मला आवडलं. त्यांनी नानांची खालची पापणी ओढून बघितली आणि म्हणाल्या, "पांडुरोग."

"पांडुरंग," नाना म्हणाले. "पांडुरंग पाटील."

"नाही, पांडुरोग."

"अहो बाई, आधारकार्डावर पण पांडुरंगच हाय."

तेव्हा मात्र बाई हसल्या. "तुमच्या अंगात रक्त कमी झालंय, त्याला पांडुरोग म्हणतात. आता सांगा, लाल दिसतं ते वरून थेंब पडतात तसं, की आत मिसळलेलं? दुखतं का? वजन कमी झालंय? डांबरासारखं काळं कधी झालं? लोहाच्या गोळ्या चालू होत्या का? त्यानेही काळं होतं."

नाना एकेक उत्तर देत गेले. मिसळलेलं. दुखत नाही. पट्ट्याला दोन भोकं नवी पाडली. गोळ्या नाहीत. मग बाईंनी त्यांना आतल्या खोलीत नेऊन तपासलं. बाहेर आले तेव्हा नाना छताकडे बघत होते.

"पाटील," बाई हात पुसत म्हणाल्या, "हा रंग नाही. अंगावर बसलेला रंग धुऊन जातो, श्वासातून गेलेला काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत निघून जातो. आठ-नऊ वर्षं आतड्यात कोणी थांबत नाही. हे रक्त आहे."

"मग मूळव्याध असेल," मी म्हटलं. मला ते हवं होतं. मूळव्याध हा शब्द त्या वेळी मला फार गोड वाटला.

"असू शकते. चीर असू शकते, पण ती दुखते. आतड्याला सूज असेल, जंतू असतील, आतून मांसाचा कोंब वाढलेला असेल. आणि कधीकधी कॅन्सरही असतो. बाहेरून बघून यातलं कुठलं ते मी सांगू शकत नाही, आणि जो सांगेल त्याचं ऐकू नका. माणसं वर्षवर्ष मूळव्याध म्हणून बसतात आणि माझ्याकडे फार उशिरा येतात. दुर्बिणीने आत बघायचं."

"दुर्बीण?" नाना जागे झाले. "माझ्या आत काय चंद्र हाय?"

"ते बघूनच सांगते. आणि उष्णता नावाचा आजार माझ्या पुस्तकात नाही. सब्जा खा हवा तर, पण रक्त पुन्हा जास्त गेलं किंवा चक्कर आली तर त्याच दिवशी यायचं, वाट बघायची नाही."

मी सौदा जिंकला होतो. जिंकल्यावर बरं वाटतं असा माझा अनुभव आहे. नानांकडे बघितलं. मला वाटलं ते कॅन्सर या शब्दाला घाबरले असतील. ते टेबलावरच्या काचेकडे बघत होते.

"म्हणजे बाई," ते म्हणाले, "रंग केव्हाच संपला म्हणायचा."

"केव्हाच."

"हां," नाना म्हणाले, आणि उठले. पंचा तिथेच राहिला. तो मी उचलला.

परत येताना कोलाडला चहाला थांबलो. तपासणीची तारीख मिळाली होती, मी मोठमोठ्याने बेत सांगत होतो, गाडी मी आणतो, आदल्या दिवशी माझ्याकडेच राहायचं. नाना चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसले होते.

"शेठ, तुला एक सांगू? ओरडू नको."

"बोला."

"वच्छी माझे कपडे वेगळे धुवायची. मागल्या दारी, तिचा एक दगड होता. मी घरी आलो की आधी कपडे तिकडं. आणि पाणी बघून सांगायची. आज तुला पिवळ्यात टाकला. आज साहेब रागावला, दुसऱ्याच्या जागेवर पाठवला. आज डबल शिफ्ट केलीस, लाज नाय वाटत? मी तोंड उघडायच्या आत. माझा सगळा दिवस तिला पाण्यात दिसायचा."

मला वत्सलावहिनी आठवत होत्या त्या मोठ्या आवाजाच्या, सोफ्याच्या प्रकरणात माझ्या दुकानात येऊन मला चार शब्द सुनावून गेलेल्या.

"ती गेली, मग कंपनी सुटली. पाणी साफ येत गेलं. सगळे म्हणाले, नाना, सुटलात. मी पण म्हटलं, सुटलो. गणपतीत ते लाल दिसलं ना, तर खरं सांगतो, मी घाबरलो नाय. बरं वाटलं. म्हटलं, अजून हाय काहीतरी आत. तिनं धुवायचं राहिलेलं."

आणि त्यांनी चहा संपवला.

मी हॉटेलवाल्याला बोलावलं आणि चहा पाण्यासारखा आहे, दूध कुठल्या म्हशीचं, की म्हैस फक्त फोटोत आहे, असं बरंच बोललो. हॉटेलवाला बिचारा दुसरा चहा घेऊन आला. तोही मला गोड लागला नाही.

तपासणीच्या आदल्या दिवशी नानांना घरी आणायचं ठरलं तेव्हा माझी बायको अलका तयार होती, नानाच अडून बसले.

"शेठच्या घरी? नको गो अलका. दिवसभर जुलाब व्हायचे. संडास खराब होईल तुमचा."

"नाना, संडास आहे तो, देव्हारा नाही," अलका म्हणाली. विषय संपला.

दवाखान्यातून पोट साफ करायची पावडर दिली होती, ती बाटल्या बाटल्या पाण्यात कालवून प्यायची आणि खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत थांबायचं नाही. एवढं ऐकल्यावर माझ्या घरात कंपनी सुरू झाली. जन्मभर ज्या माणसाने आपल्या रंगाची लाज बाळगली, तो आता संडासाच्या बंद दारातून रिपोर्ट द्यायला लागला.

"शेठ! चॉकलेटी!"

"बरं!"

"शेठ! हळदीवर आला!"

"नाना, मी स्वयंपाकघरात फोडणी देतेय हो!" अलका ओरडली.

मी ओसरीवर नागोठण्याच्या एका मंगल कार्यालयवाल्याशी फोनवर खुर्च्यांचा सौदा करत होतो. तो माझा भाव पाडत होता आणि मागून आरोळी आली, "लिंबू सरबत! पण वर जरा लाल हाय!"

"काय चाललंय तिकडे?" कार्यालयवाला म्हणाला.

"माल चेक होतोय," मी म्हटलं. "तुम्ही भाव बोला."

पण लाल ऐकल्यावर माझं लक्ष उडालं, आणि त्या माणसाला त्याने सांगितलेल्या भावातच खुर्च्या देऊन टाकल्या. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्याकडून असा भाव घेतला. संध्याकाळी दिवे लागले तेव्हा आतून आवाज आला, दमलेला, पण कामगाराचा आवाज होता तो, "बॅच क्लिअर!" अलकाने मऊ चादर काढली आणि त्यांना त्याच सोफ्यावर आडवं केलं. पंचा अंथरायची ताकद नव्हती त्यांच्यात. मी फक्त बघितलं. सौद्यात मी जिंकलो होतो, सोफा माफ केलेला नव्हता, हे लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी पेणच्या दवाखान्यात नाना आत गेले आणि मी बाहेर. मी वाट बघण्यात चांगला नाही. शेजारच्या बाकाचे पाय हलत होते. मी वॉर्डबॉयला गाठून सांगितलं, अशी बाकडी बदला, मी स्वस्तात देतो. तो म्हणाला, काका, बसा. मी बसलो. भिंतीवर घड्याळ होतं, त्याच्याकडे पाठ केली. त्या काळात माझ्या मनात येत होतं ते इतकंच, की उद्या सकाळी माझ्या दुकानात उभ्याने पेपर वाचायला कोणी आलं नाही तर मी कोणावर ओरडायचं?

डॉक्टरबाई बाहेर आल्या. आतड्याच्या एका वळणावर बोराएवढा मांसाचा कोंब होता. तिथूनच रक्त गेलं. दुर्बिणीतूनच कापून काढला आणि तपासायला पाठवला. "रिपोर्ट आला की कळेल तो कुठल्या जातीचा."

रिपोर्ट येईपर्यंत नाना रोज दुकानात येत होते. पेपर उघडायचे आणि एकच पान दहा वाजेपर्यंत धरून ठेवायचे. एका गिऱ्हाइकाने कपाटाची किंमत खाली पाडून मागितली आणि मी "घेऊन जा" म्हटलं. नानांनी पेपरावरून बघितलं. "शेठ, तुला बरं नाय काय?"

मग पेणहून फोन आला आणि आम्ही परत गेलो. बाईंनी कागद वाचला, चष्मा काढला. "कॅन्सर नाही. पण हा कोंब तसाच ठेवला असता तर पुढे त्याचा कॅन्सर झाला असता, अशा जातीचा होता. वेळेत आलात."

"रंग म्हणून आलो," नाना म्हणाले.

"कशासाठी का होईना, आलात. असे कोंब पुन्हा उगवू शकतात. रक्त वाढायच्या गोळ्या देते, त्याने काळं होईल, घाबरू नका. आणि पुढच्या वर्षी या. पुन्हा दुर्बिणीने बघू."

नाना उठले. दाराशी गेले, परत वळले. "पुढल्या वर्षी?"

"हो. पुढच्या वर्षी या."

गाडी निघाली. वडखळ गेलं, रस्त्याच्या कडेचे पोह्यांचे आणि पापडांचे बोर्ड मागे पडले. मग एकदम नानांच्या पोटातून हसू आलं. टाके नव्हते म्हणून बरं, इतकं हसले.

"काय झालं?"

"बाई पुढल्या वर्षी या म्हणाली रे!"

"मग? तपासायचं आहे."

"अरे, आमच्या पेणेत असं एकालाच सांगतात. पाण्यात सोडताना!" पुन्हा हसले, डोळे पुसले. मग हसणं थांबलं आणि डोळे पुसणं चालूच राहिलं. "वच्छी गेल्यापासून शेठ, मला सगळे सांभाळून जा म्हणतात. नीट जा, वेळेत जा, पावसाचं घरी जा. ये कोणी म्हणालं नाय. आणि हिनं तर वर्षभर आधीच सांगून ठेवलं."

मी समोर रस्त्याकडे बघत होतो. ट्रकवाला बाजू देत नव्हता, त्याला मी खिडकीतून दोन शिव्या दिल्या.

"तू येशील ना संगं?" नाना म्हणाले.

"डोकं फिरलंय का तुमचं? एकट्याला पाठवलं तर त्या बाईला परत कुठल्या खात्याची गोष्ट सांगत बसाल! मी येणार. अलका पण येणार. आणि आदल्या दिवशी आमच्याकडेच यायचं, आतापासून सांगून ठेवतो, तेव्हा नखरे नकोत."

"बरं, बरं. ओरडू नको."

नागोठणं आलं. नानांनी काच खाली केली, हवा तोंडावर घेतली.

"शेठ."

"आता काय?"

"पुढल्या वर्षी लवकर निघू."